कुलूप कोणी लावायचं?

माझा मामा गिरणीत साचेखात्यात होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा तो चोवीस वर्षांचा, लग्नाला आठ महिने झालेले. त्या संपाबद्दल तो आपणहून कधी बोलत नाही. कोणी विचारलंच तर खुर्ची गॅलरीकडे वळवतो. मी हिशेबाची माणूस, चार्टर्ड अकाउंटंट. ग्लासगोला दोन वर्षं शिकायला होते. येताना तिथल्या एका कामगार पुढाऱ्याची गोष्ट डोक्यात घेऊन आले. त्याचं नाव जिमी रीड. तिकडे त्याच्याबद्दल लोक देवमाणसाबद्दल बोलावं तसं बोलतात, आणि मला ते पटत नव्हतं. म्हणूनच ती गोष्ट मामासमोर ठेवावीशी वाटली. तीन संध्याकाळी आम्ही तिच्यावर भांडलो.

पहिली संध्याकाळ

मामा : आधी माणूस सांग. कुठला, कोणाचा?

मी : ग्लासगोच्या गोव्हन भागातला. जन्म 9 जुलै 1932 चा. क्लाइड नदीच्या काठाने जहाजबांधणीचे यार्ड आणि यार्डांना चिकटून कामगारांची दाटीवाटीची घरं. बाप यार्डातच कामाला. तीन बहिणी तान्हेपणीच गेल्या. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. थोडे दिवस शेअर दलालाच्या ऑफिसात काढले, मग फिटरकामाची उमेदवारी धरली. 1952 मध्ये उमेदवार पोरांचा संप झाला, त्याचा हा पुढारी. तोवर कम्युनिस्ट झालेला होता. पुढे पक्षाच्या तरुण संघटनेचा राष्ट्रीय सचिव, मग पक्षाचा स्कॉटलंडचा सचिव, आणि नंतर परत यार्डात. 1971 साली तो क्लाइडबँकच्या यार्डात शॉप स्टीवर्ड होता. म्हणजे खात्यातल्या कामगारांनी आपल्यातूनच निवडलेला माणूस. हातातलं काम करायचं आणि युनियनही बघायची.

मामा : हे बरं. बाहेरून आलेला वकील-डॉक्टर नव्हे. लाल बावट्याच्या जुन्या गिरणी समित्या असायच्या, तसंच. बरं, भानगड काय झाली?

मी : भानगड माझ्या विषयातली आहे. 1968 मध्ये नदीकाठचे पाच यार्ड एकत्र करून एक कंपनी केली, अप्पर क्लाइड शिपबिल्डर्स. गेडिस समितीची तशी शिफारस होती. पण पाच रोगी एका खाटेवर निजवले म्हणून एक पैलवान होत नाही. यंत्रं जुनी. जहाजांच्या किमती आधीच ठरलेल्या आणि खर्च वाढत गेलेला. जपानची स्पर्धा. शिवाय एका युनियनच्या कामाला दुसऱ्या युनियनचा माणूस हात लावणार नाही, ही कामगारांची आपसातली सोवळी-ओवळी.

मामा : ती आमच्याकडेही होती. पुढे?

मी : जून 1971 मध्ये कंपनीने सरकारकडे 60 लाख पौंड मागितले. एडवर्ड हीथचं हुजूर पक्षाचं सरकार होतं. लंगड्या बदकांना पोसणार नाही, हे त्यांचं ब्रीद. मंत्री जॉन डेव्हिस यांनी नकार दिला. कंपनी गुंडाळून देणी फेडणाऱ्या लिक्विडेटरच्या हातात ती गेली. 29 जुलैला सरकारने योजना जाहीर केली : क्लाइडबँक आणि स्कॉट्सटन बंद, कामगार साडेआठ हजारांवरून अडीच हजारांवर. खरं सांगू? वही उघडून बसले तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं.

मामा : सहा हजार घरं. मग संप केला त्यांनी?

मी : नाही. तीच तर गंमत. रीडने सभेत सांगितलं, आपण संप करणार नाही. ठिय्या देऊन काम बंदही पाडणार नाही. आपण काम करणार. 30 जुलैला शॉप स्टीवर्डांनी फाटकांचा ताबा घेतला. त्यांच्या परवानगीशिवाय आत काही येणार नाही, बाहेर काही जाणार नाही. ज्यांना कामावरून कमी केल्याची नोटीस मिळाली ते दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला नेहमीच्या जागी हजर. त्यांचा पगार लढ्याच्या निधीतून. ज्यांची नोकरी शाबूत होती ते आठवड्याला पन्नास पेनी त्यात टाकायचे. या प्रकाराला तिकडे ‘वर्क-इन’ म्हणतात.

मामा बराच वेळ गप्प राहिला. खाली रस्त्यावर नारळवाल्याची हातगाडी गेली. मला वाटलं, विषय संपला.

मामा : पुन्हा सांग. संप नाही केला?

मी : नाही केला. मला ते विचित्रच वाटलं. पगार देणार नाही म्हणणाऱ्याचं काम फुकट करून द्यायचं, हा कसला लढा?

मामा : तू हिशेबाची बाई आहेस, तुला हिशेब कळला नाही. संप कधी चालतो? मालकाला माल हवा असतो तेव्हा. साचा थांबला की त्याचं नुकसान होतं, म्हणून तो वाटाघाटीला येतो. पण ज्याला गिरणी बंदच करायची आहे, त्याच्यासमोर संप करणं म्हणजे त्याच्या हातात आयतं कुलूप देणं. तो म्हणतो, मी कुठे बंद केली? तुम्हीच बाहेर गेलात. आम्ही अडीच लाख माणसं एकाच दिवशी फाटकाबाहेर आलो. आत कोण राहिलं? यंत्रं, आणि यंत्रांखालची जमीन.

मी : म्हणजे रीड बरोबर आणि तुमच्या संपाचे पुढारी डॉक्टर सामंत चुकले, असं?

मामा : असं मी म्हणणार नाही. संपाआधी आम्हीच डॉक्टरांकडे गेलो होतो. ते आमच्या दारात आले नव्हते. आमचा राग खरा होता. पण रागाला फाटकाच्या आत ठेवून कामाला लावता येतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हालाही सुचलं नाही.

मी : सुचलं असतं तरी जमलं असतं का? मामा, यार्डाची एक खुबी आहे. अर्धवट जहाज भंगारात जातं, पुरं झालं की त्याचे लाखो पौंड येतात. धनकोंचे पैसे फेडायचे तर लिक्विडेटरलाच जहाजं पुरी व्हायला हवी होती. म्हणून त्याने कामगारांशी जुळवून घेतलं. गिरणीत आज विणलेलं कापड आजच संपतं. उद्याच्या कापडाला कापूस लागतो, वीज लागते. ते पैसे कोण देणार होतं?

मामा : हं. हे बरोबर बोललीस. शिवाय त्यांच्यासमोर सरकार होतं. सरकारला लाज वाटते, निदान निवडणुकीपुरती. आमच्या मालकांना कसली लाज? पण अगदीच अशक्य होतं असंही म्हणू नकोस. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे कामगार 1988 मध्ये सुप्रीम कोर्टातून परवानगी आणून कंपनीचे मालक झाले होते. पुढे त्यांना धाप लागली, ते वेगळं. पण त्यांनी कारखाना उघडला होता.

दुसरी संध्याकाळ

मी : काल तुम्ही भावनेच्या भरात होतात. आज मी वही आणली आहे.

मामा : वाच.

मी : फेब्रुवारी 1972 च्या शेवटी सरकारने माघार घेतली आणि साडेतीन कोटी पौंड ओतले. गोव्हन, लिंटहाउस आणि स्कॉट्सटन मिळून नवी कंपनी झाली. क्लाइडबँकचा यार्ड मॅरेथॉन या टेक्सासच्या कंपनीने समुद्रातल्या तेलविहिरींचे सांगाडे बांधायला घेतला. ऑक्टोबर 1972 मध्ये वर्क-इन संपलं. आता पुढचा हिशेब. 1977 ला यार्ड सरकारच्या मालकीचे झाले, 1988 ला गोव्हन नॉर्वेच्या क्व्हार्नरला विकलं. कॉनेल घराण्याचा स्कॉट्सटनचा जुना यार्ड 1980 ला मिटला. क्लाइडबँक 2001 ला. ज्या धक्क्यावर ‘क्वीन मेरी’ आणि ‘क्यूई-टू’ ही जहाजं बांधली, तिथे आज टायटन नावाची एक जुनी क्रेन उभी आहे, बघायला. लोकांच्या कराचे एवढे पैसे कशाला घातले?

मामा : 1971 ला पंचेचाळीस वर्षांचा एक वेल्डर धर. तुझ्या योजनेप्रमाणे तो त्या ऑगस्टमध्ये घरी बसतो. रीडमुळे त्याला आणखी दहा-पंधरा वर्षं पगार मिळाला. तेवढ्यात पोरांची शिक्षणं होतात, मुलीचं लग्न होतं. तुझ्या वहीत यार्ड किती वर्षं चालला ते आहे. माझ्या वहीत पोर कितवीपर्यंत शिकलं ते असतं. माझा थोरला दहावीला होता आणि मी फरसाणच्या दुकानात पुड्या बांधत होतो. त्याची अकरावी झालीच नाही.

मी : त्या घरांचं मला कळतं, मामा. पण त्याच पैशात नवे उद्योग उभे राहिले असते.

मामा : राहिले असते ना? मग आधी उभे करा आणि मग यार्ड बंद करा. उलटं का करता? आणि सहा हजार माणसं घरी बसली तर त्यांचा बेकारभत्ता कोणाच्या करातून जाणार होता?

मी : ठीक आहे. पण हे रीडचं यश होतं का? जानेवारी 1972 मध्ये ब्रिटनमधले बेकार दहा लाखांवर गेले. त्याच वेळी खाणकामगारांचा देशभर संप झाला. सरकार आधीच घाबरलेलं होतं. रीडचं नशीब चांगलं होतं.

मामा : नशीब उभ्या माणसाला भेटतं, निजलेल्याला नाही. ते सात महिने उभे होते म्हणून सरकार घाबरल्याचा फायदा त्यांना झाला. एवढे दिवस माणसं धरून ठेवली कशी, ते सांग.

मी : तिथे मात्र मीही टोपी काढते. पहिल्याच मोठ्या सभेत त्याने तीन गोष्टींना मनाई केली : गुंडगिरी, नासधूस आणि दारू. का, तर जग आपल्याकडे बघतंय. ग्लासगोच्या गोदीकामगाराला भर सभेत दारू बंद म्हणून सांगायचं!

मामा : आणि त्यांनी ऐकलं?

मी : टाळ्या वाजवल्या. ते भाषण पोलिसांनीही ऐकलं असणार. यार्ड बंद केले तर हजारो जादा पोलीस लागतील, असं शहराच्या पोलीस प्रमुखांनी सरकारला कळवल्याचं सांगतात. 18 ऑगस्टला मोर्चा निघाला तेव्हा ऐंशी हजार लोक होते. मजूर पक्षाचे टोनी बेन त्यात चालले. जॉन लेनन आणि योको ओनो यांनी गुलाबाची फुलं आणि पाच हजार पौंडांचा चेक पाठवला. त्याचा एक किस्सा तिथे प्रत्येक जण सांगतो. सभेत कोणी ओरडलं, लेननकडून पैसे आलेत! मागून एक म्हातारा कॉम्रेड म्हणाला, लेनिन तर केव्हाच मेला.

मामा पोट धरून हसला. तीन दिवसांत तो एवढाच हसला.

मी : पण सगळं श्रेय एकट्या रीडला जातं, ते मला खटकतं. समितीचा अध्यक्ष जिमी एअरली होता. डावपेच बरेचसे त्याचे. सॅमी बार होता, सॅमी गिलमोर होता. रीड बोलायला चांगला, म्हणून फोटो त्याचे.

मामा : बोलणं म्हणजे काम नाही असं तुला वाटतं. माणसाच्या मनात असतं पण त्याला सांगता येत नाही, ते सांगून देणं हे पुढाऱ्याचं अर्धं काम आहे. तू म्हणालीस, विद्यापीठात त्याचं काही भाषण गाजलं होतं.

मी : हो. ग्लासगो विद्यापीठात रेक्टर विद्यार्थी निवडून देतात. 1971 मध्ये त्यांनी रीडला निवडलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला फिटर एप्रिल 1972 मध्ये झगा घालून प्राध्यापकांसमोर बोलायला उभा राहिला. विषय परात्मता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते भाषण छापलं आणि लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणाशी त्याची तुलना केली.

मामा : परात्मता म्हणजे काय, सोप्या भाषेत सांग.

मी : आपल्या आयुष्याचे निर्णय आपल्या हातात नाहीत, ते कुठेतरी आपल्याला न दिसणारी माणसं घेतात, आणि आपण नुसते वाहत जातो, ही भावना. तो मुलांना म्हणाला, या उंदरांच्या शर्यतीत धावू नका. शर्यत उंदरांसाठी आहे, आपण उंदीर नाही, माणसं आहोत.

मामा : मला एवढा अवघड शब्द लागला नसता. चार साचे एका वेळी सांभाळायचो. धागा कुठे तुटला ते आवाजावरून कळायचं. त्या खात्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेला माणूस ऑफिसात नव्हता. पण गिरणी चालणार की नाही हे मला कधी कळलं? पेपरात वाचून. यालाच म्हणतात ना परात्मता?

मी वहीत लिहायला काही सापडेना.

तिसरी संध्याकाळ

मामा : आता पुढचं सांग. लढा जिंकल्यावर माणूस कसा वागला? माणूस तिथे कळतो.

मी : तुम्हाला आवडणार नाही. फेब्रुवारी 1974 मध्ये क्लाइडबँकच्या भागातून कम्युनिस्ट म्हणून निवडणूक लढला, सहा हजारांच्या आत मतं मिळाली. मग कम्युनिस्ट पक्ष सोडला. 1977 ला मजूर पक्षात गेला. 1979 ला डंडी ईस्टमधून पुन्हा हरला. नंतर पत्रकार झाला, टीव्हीवर दिसायला लागला. मरडॉकच्या ‘सन’मध्येसुद्धा स्तंभ लिहिला. टोनी ब्लेअरच्या काळात मजूर पक्षावरचा विश्वास उडाला, आणि 2005 मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीत गेला.

मामा : तीन पक्ष!

मी : आणि 1984-85 च्या खाणकामगारांच्या मोठ्या संपात त्याने त्यांचे नेते आर्थर स्कारगिल यांच्यावर उघड टीका केली.

मामा : संप चालू असताना?

मी : हो.

मामा : मग कालपर्यंत मी त्याला जे दिलं ते परत घेतो. बाहेर थॅचरचे पोलीस घोड्यावरून अंगावर येताहेत, आत पोरं उपाशी आहेत, आणि हा आपल्याच पुढाऱ्याला बोल लावतो? घर पेटलेलं असताना वासा कोणी चुकीचा बसवला यावर बोलायचं नसतं.

मी : मी इथे त्याच्या बाजूने आहे. स्कारगिल यांनी देशभरातल्या कामगारांचं मतदान न घेता संप चालवला, हा रीडचा आक्षेप होता. आणि तो 1971 पासून एकच गोष्ट सांगत आला होता. फाटक ताब्यात घ्यायचं, वाटाघाटीतली अट स्वीकारायची किंवा नाकारायची, सगळं सभेपुढे. माणसं बरोबर आहेत याची खात्री करून मगच पाऊल टाकायचं. पक्ष बदलले असतील, पण त्याची ही रीत बदलली नाही. 1971 ला जे म्हणाला तेच 1984 ला म्हणाला, फक्त समोर या वेळी आपला माणूस होता. सरकारला सुनावणं सोपं. आपल्या माणसाला सुनावायला जास्त छाती लागते.

मामा : छाती लागते हे खरं. वेळ चुकली हेही खरं.

मी : योग्य वेळ कोणती? संप हरल्यावर?

मामाने उत्तर दिलं नाही. उठून आत गेला. आतून पाण्याचा आवाज आला. परत येऊन बसला तेव्हा खुर्ची गॅलरीकडे होती, पण त्याने ती माझ्याकडे वळवली.

मामा : आमच्या खात्यात माझ्या शेजारच्या साच्यावर एक जण होता. गाववाला, खोलीतही शेजारी. संपाला वर्ष झालं तेव्हा तो म्हणाला, आता जे मिळेल ते घेऊन आत जाऊ या, नाहीतर आत जायला गिरणीच उरणार नाही. मी त्याला चारचौघांत दलाल म्हटलं. नऊ वर्षं त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या बायकोच्या मयतीलाही गेलो नाही. तो बरोबर होता की नाही, मला आजही माहीत नाही. पण तो दलाल नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी : मग रीड?

मामा : रीडही दलाल नव्हता. चुकला असेल. ‘सन’मध्ये लिहायला नको होतं, ते मी माफ करणार नाही. पण पोट भरायला बोलला असता तर एवढे पक्ष बदलून दोनदा हरला नसता. विकला जाणारा माणूस हरणाऱ्या बाजूला कशाला जाईल? शेवटी काय झालं त्याचं?

मी : ब्यूट नावाच्या बेटावर रोथसे गावात राहायचा. 2000 मध्ये डाव्या विचारांचं एक नियतकालिक काढलं, ‘स्कॉटिश लेफ्ट रिव्ह्यू’. 10 ऑगस्ट 2010 ला ग्रीनॉकच्या इस्पितळात वारला. अंत्यविधी गोव्हनच्या जुन्या चर्चमध्ये झाला. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक अलेक्स फर्ग्युसन बोलले. तेही गोव्हनचेच, उमेदवारीत असताना त्यांनीही संप केला होता. बिली कॉनली बोलला. तो पुढे मोठा विनोदी नट झाला, पण त्याआधी यार्डात वेल्डर होता. सगळ्या पक्षांची माणसं आली होती, तीनही.

मामा : आणि तुझी वही? तिच्यात शेवटी काय लिहिलंस?

मला एक चूक दुरुस्त करायची होती. पहिल्या दिवसापासून मी सगळे यार्ड बुडाले अशाच सुरात बोलत होते, आणि ते खरं नव्हतं. क्लाइडबँक गेलं, लिंटहाउस गेलं. पण 1968 च्या त्या पाचांपैकी गोव्हनचा यार्ड क्व्हार्नरकडून 1999 मध्ये बीएई या कंपनीकडे गेला आणि चालू राहिला. मी मामाला तसं सांगितलं. त्याने विचारलं, काय बांधतात तिथे?

युद्धनौका, मी म्हटलं. त्या मालिकेतल्या पहिल्या नौकेचं नाव ‘एचएमएस ग्लासगो’. 2017 मध्ये तिचा पहिला पत्रा कापला आणि 2022 मध्ये ती पाण्यात उतरली. वर्क-इन सुरू झालं त्याला तेव्हा एक्कावन्न वर्षं झाली होती, आणि तिच्यावर काम करणारे वेल्डर गोव्हनच्या फाटकातूनच आत जात होते.